फिल्मच्या पाठीवरचं कुंकू

अरे, माहा त जीवच उडाला होता त्या दिवशी! अल्टरमॅग्नेट नावाच्या सेमीकंडक्टर चुंबकाची पातळ फिल्म नागपूरच्या लॅबात नेऊन तिच्यातून करंट कसा जाते ते मोजायचं होतं. वाटेत हिंगणीले घरी मुक्काम केला. नखाएवढा तुकडा, त्याच्या एकाच बाजूले फिल्म चढवलेली, पण वर्षाची मेहनत.

सकाळी पाहतो त तुकडा देवापाशी, कुंकू लावलेला! नवी वस्तू आली का आई आधी पूजाच करते.

"फिल्मले कुंकू काऊन लावलं वं?"

"चमकत्या बाजूले नाई लावलं बापा, तिच्यात तोंड दिसते. पालथा करून लावलं."

फिल्म चमकत्या बाजूलेच होती! लॅबात करंट बराबर गेला. कुंकू पाहून सर म्हणाले, "सुलटी बाजू शोधण्यातच आपला अर्धा दिवस जाते. बाकीच्या फिल्मा बी आईकडे नेजो."