सगळे भाग बघा, मग फोन करा

कोणी हसणार नसाल तर त्या धुळ्याच्या स्थळाचं सांगते. मुलगा मला बघायला जळगावला आला होता. चहापोहे झाले आणि आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. त्याने विचारलं, "सिरीज वगैरे बघता का?" मी एका सुपरहिरोच्या सिरीजचं नाव घेतलं. हिरो अजून हिरो झालेलाच नाही, शहरभर गुंड आणि त्यांच्याशी लढणारा एकटा इन्स्पेक्टर, अशी गोष्ट.

तो उडालाच. "मी पहिले दोन-तीन भाग बघितलेत! तो इन्स्पेक्टर शेवटी विकला जातो का हो?"

"आधी सगळे भाग बघा, मग फोन करा," मी म्हटलं. नसता शहाणपणा!

तो माणूस खरंच बघत बसला. नरडाण्याच्या कंपनीतली ड्युटी संपवून घरी यायचा आणि रोज एकच भाग बघायचा. भाग होते शंभर! घरच्यांना म्हणाला, "इतक्यात काही कळवू नका." इकडे माझे आजोबा वाट बघून वैतागले. "निरोप उना नही, म्हंजे नकारच शे!" निरोप आला नाही की आमच्यात नकारच धरतात. मग पहूरचं स्थळ आलं आणि मीही रागारागात हो म्हटलं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "झाले हो सगळे भाग बघून!"

मी साखरपुड्याचं सांगितलं. मग विचारलं, "कशी वाटली सिरीज?"

"सुरुवातीचे भागच छान होते," तो म्हणाला. "तेव्हा कोणाचंच काही ठरलेलं नव्हतं."