कचरूच्या पायातली चांदी

…अन वरतून मलेच म्हनते का बुवा, तुमच्या औषधाले गुन नाई. आता तुमीच सांगा राजेहो, म्या औषध देल्लं असतं तं गुन आला असता ना? म्या औषध देल्लंच नाई. काहून नाई देल्लं? तं लेकराले दुखनंच नव्हतं. अन दुखनं नाई असं म्हनलं का घरचे अशा नजरीनं पाह्यते, जसं काही ते दुखनं म्याच चोरून माह्या घरात दडवून ठेवलं. जवानीपासून अमरावतीच्या परकोटात, तटाच्या आत बसून लोकाइचे लेकरंच पाहून राह्यलो मी, जुलाब पाह्यले, खोकला पाह्यला, दात, जंत, गोवर, सारं पाह्यलं, अन येवढं पाहून काय शिकलो म्हनसान तं येवढंच शिकलो बाप्पा, का लेकराले काही नसते, जे असते ते घरच्याइले असते.

अन हे कापसाचे दिवस आले तवापासून तं इचारूच नका. तिकडं समुद्राच्या पल्याड कोन्या गोऱ्या लोकाइची भावाभावात लढाई जुंपली म्हनते, म्हून आमच्या कापसाले भाव, अन त्या भावापायी इथं वऱ्हाडात लेकराइचे पोट बिघडून राह्यले. हासू नका. आधी लेकरू दुधात भाकर कुस्करून खाय, मातीत लोळे, झोपून जाय. आता बापाच्या हातात पैसा आला, तं सकाळी पेढा, दुपारी जिलबी, मधात भूक लागली तं खारका, अन सांजच्याले बैलाची दमनी जुंपून माह्या दारात… "बुवा, पोट्टं जेवून नाई राह्यलं." कसं जेवन? जागा कोठी हाय त्याच्यात? भर वैशाखात एक लेकरू आनलं मखमलीच्या आंगरख्यात, आंगभर घामोळ्या, लाल झालं होतं बिचारं. म्या म्हनलं, आंगरखा काढा. तं त्याचा आजा म्हनते, "काढता कसा बुवा? मुंबईचा हाय." घ्या. घामोळ्या वऱ्हाडातल्या हायेत ना पन?

हां, तं मी खुशालरावाचं सांगत होतो. चांदूर बाजाराच्या वाटेवर त्याइचं गाव. काळी जमीन, जिकडं पाहाल तिकडं कपाशी. मानूस वाईट नाई खुशालराव, पन मायच्या शब्दाच्या बाहेर पाय टाकत नाई, अन माय म्हनजे मनकर्णाबाई, हे नाव घेतलं का गावातले कुत्रेबी उठून बाजूले होते. सून सुभद्रा, मूर्तिजापूरकडची, बोलनंच नाई तिचं. तिचे आधीचे लेकरं राह्यले नाईत. मंग हे एक पोट्टं राह्यलं, त्याच्यावर देवाची नजर जाऊ नये म्हून नाव ठेवलं कचरू. ठीक हाय, रीतच हाय आपली, त्याच्यात माहं काही म्हननं नाई. पन नाव कचरू ठेवलं अन पायात चांदी येवढी घातली का पोट्टं उन्हात बसलं तं चांदूर बाजारातून दिसावं! मंग नाव कचरू ठेवून देवाले फसवता कसं? देव काय नावच वाचते, पाय नाई पाहत?

आनलं त्याले माह्याकडं. दमनीतून दोघाइनं उतरवलं, एकानं पोट्टं धरलं, एकानं पाय धरले. मनकर्णाबाई म्हनते, "बुवा, याच्या मागून झालेले गावातले लेकरं कोंबड्याइच्या मागं धावून राह्यले, अन हे उठूनच नाई राह्यलं. सुनेच्या दुधातच जोर नाई." म्या पोट्टं चटईवर निजवलं, गुडघे दाबले, कंबर पाह्यली, पाठीवरून हात फिरवला, तं त्यानं मले लाथ मारली, चांदीसकट, इथं, बरगडीत. अजूनबी हवा फिरली का ठनकते. म्या म्हनलं, माय, ज्या पोट्ट्याची लाथ अशी हाय त्याले काय झालं? याले काहीच नाई. लेकराले काही नसतेच. पायातली चांदी उतरवा, दोन दिवसात चालते का नाई पाहा.

चांदी उतरवा म्हनलं तं सारे अशे चूप झाले, जसं काही म्या पायच उतरवा म्हनलं.

कारन काय, तं बुढीनं नवस बोलून ठेवला होता. पोट्टं जन्मलं तवाच गावदेवी मातामायच्या ओट्यासमोर उभी राहून बोलली, का माय, याले जगव, हे पोट्टं आपल्या पायानं चालत तुह्या ओट्यावर येईन, तवाच याच्या पायातली चांदी उतरवीन अन तुले वाहीन. तवर हात लावनार नाई. आता बोलली तवा पायात काय होतं? बारीकशे वाळे. कोनाले त्रास नाई. पन मंग कापसाचा पैसा आला ना बाप्पा, मंग आत्यानं तोडे आनले, चुलत्यानं कडे आनले, मावशी म्हनते मी काय कमी हाव काय, तिनं साखळ्या आनल्या, अन जे जे पायात गेलं ते ते नवसात गेलं, उतरवाची सोयच नाई. म्हनजे पाहा तुमी, चालल्याबिगर चांदी निघत नाई, अन चांदी निघाल्याबिगर पोट्टं चालत नाई. आता याच्यावर कोन्या झाडाची मुळी उगाळून देऊ मी?

बरं, हसाची गोष्ट असती तं मीबी हासलो असतो. पन बुढीनं तिकडं चांदूर बाजाराची एक पोरगी पाहून ठेवली होती खुशालरावासाठी. कापूस घरात आला का लग्न. अन सुभद्रेले पोचवाचं मूर्तिजापूरले, लेकरू ठेवून घ्याचं. तोंडावर म्हनते हो माह्या, "लेकरू आमचं, दूध तिचं. दुधातच खोट हाय तं तिले ठेवून काय करू?" अन खुशालराव? खुशालराव जोड्यातला खडा काढून राह्यला होता. सुभद्रा कोपऱ्यात उभी, पदर दातात धरून. मी पोट्ट्याकडं पाह्यलं तं पोट्टं मस्त बसलं होतं, पायातली साखळी तोंडात घालून चोखत. त्याले काहीच नव्हतं.

म्या म्हनलं बरं, तेल लावा, एरंडीचं, पाय चांगले चोळा. म्या मनात म्हनलं, चोळाले तरी उतरवतीन. काय उतरवते! वरूनच चोळलं त्याइनं. चांदी अशी चकाकली का मंग आख्खं गाव पाहाले आलं. मंग म्या म्हनलं, बगलेत हात घाला, उभं करा, तसंच न्या ओट्यापर्यंत, पाय भुईले लागतेच ना. तं बुढी म्हनते, "मातामाय आंधळी हाय काय बुवा?" अन हे कमी होतं म्हून मूर्तिजापूरहून मामा आला, सूर्यभान. बहिनीले बोल लावून राह्यले, तिची बाजू भारी झाली पाहिजे, म्हून त्यानं काय आनलं असन? आना अंदाज. आखीन तोडे! साऱ्याइच्याहून जड! मिशीवर हात फिरवून म्हनते, "आता बोलून पाहा म्हना माह्या बहिनीले." पोट्टं आधी निदान सरकत होतं, मामा येऊन गेल्यावर सरकनंबी बंद झालं. मी सांगत नव्हतो काय, जे असते ते घरच्याइले असते.

मंग वेचनी लागली. पहिल्या वेचनीले बाया सीतादही करते, वावरात दहीभात शिंपडते, पूजा करते, अन मंग कापसाले हात लावते, तुमाले काय सांगाचं. मी त्या दिशी तिकूनच येत होतो, एका लेकराचा घसा पाहून. ऊन लय. म्हनलं खुशालरावाच्या वावरात पानी तरी पिऊ. बाया सगळ्या विहिरीजवळ झाडाखाली भाकर खात बसल्या होत्या, बुढी त्याइच्या मधात, अन मी येत होतो मागच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं. तं पाह्यतो काय… कपाशीच्या दोन ओळीच्या मधातून एक उघडं पोट्टं धावत येऊन राह्यलं. धावत! टोळ होता पुढं, त्याच्या मागं. माह्या पायाले येऊन आदळलं, वर पाह्यलं, हासलं, अन पुन्हा पळालं. कचरू.

अन पलीकडं सुभद्रा. वेचनीच्या ओटीत कापसाच्या खाली चांदी लपवून बसली होती. मले पाह्यलं अन तिनं ओटी दोन्ही हातानं झाकली. म्हनते, "बुवा, सांगू नका." म्या म्हनलं, माय, कवापासून चालून राह्यलं हे? म्हनते, "दिवाळीच्या आधी निंदनाले येत होतो तवापासून. बाया भाकर खाले बसल्या का मी उतरवून देते, याले पळू देते, मंग पुन्हा घालते." म्या म्हनलं, मंग घरी सांगत काहून नाई? तं काय म्हनली मालूम हाय? "सांगतलं तं म्हनतीन हिनं नवस मोडला. मंग याले सादी शिंक आली तरी ती माह्यानंच आली. अन नाई सांगतलं तं हा कापूस घरात गेला का मी मूर्तिजापूरले." येवढंच बोलली. ओटीतून ते तोडे काढले, पोट्ट्याले जवळ घेतलं, अन घालाले लागली. अन पोट्टं पाय मागं घे, त्याले माहीत झालं होतं ना आता. मले राग आला राजेहो. रडूबी आलं, खोटं काहून बोलू.

तिनं सारी चांदी पुन्हा घातली तवर मी थांबलो, मंग विहिरीकडं निघालो. पोट्ट्याले काखेत मारलं, अन बायाइच्या मधात नेऊन बसवलं. म्या म्हनलं, मनकर्णाबाई, पूजेच्या दिव्याचं तेल आना इकडं. तिले वाटलं चोळाले पाहिजे. म्या तेल ओतलं, अन ओढ का ओढ, वाळे काढले, कडे काढले, साखळ्या काढल्या, मामाचे तोडे तं दोन हातानं काढले. बायाइनं तोंडावर हात ठेवले. बुढी अशी उठली का म्या म्हनलं आता मेलो. म्या म्हनलं, ऐका. नवस तुमचा, मोडला म्या. सुनेनं नाई मोडला, लेकानं नाई मोडला, तुमीबी नाई मोडला. मातामायचा जो काही कोप असन तो माह्या एकट्याच्या डोक्यावर. आता सोडा त्याले.

सोडलं तं काय, पोट्टं बंदुकीच्या गोळीसारखं पळालं. मले तिथं घाम फुटला. कारन बुढी काही खुळी नाई. डोळे बारीक करून म्हनते, "बुवा, पहिल्याच दिशी येवढं धावते?" मागं आलेल्या सुभद्रेनं तं डोळेच मिटून घेतले. म्या म्हनलं, माय, येवढं ओझं वाह्यलं पोरानं, बैलाचे पाय झाले त्याचे, धावन नाई तं काय करन? पटलं. चांदीची तारीफ होती ना त्याच्यात. मंग काय, वाजतगाजत नेलं त्याले, आपल्या पायानं चढलं पोट्टं मातामायच्या ओट्यावर, चांदी वाह्यली, सुभद्रेची ओटी भरली, चांदूर बाजारले निरोप गेला का आमचं काही जमत नाई. खुशालरावानं माह्या पायावर डोकं ठेवलं, मायची नजर चुकवून.

झालं, गोड झालं म्हनसान तुमी. तुमचं काय जाते म्हनाले! पुढच्याच हप्त्यात अवकाळी पानी आलं, कापूस भिजला, तं कोनामुळं? वैद्यानं नवस मोडला. कोनाची गाय आटली, वैद्यानं नवस मोडला. एकाचा बैल लंगडला, मी त्या बैलाले ओळखतबी नाई हो, तरी मीच. लेकरं आननं बंद झालं माह्याकडं. ओट्यावर मी एकटा, अन घरात आमची मंडळी भांडे आपटून राह्यली, "मातामायशी वैर धरते काय कोनी? अन धरलं तं धरलं, लोकाइच्या लेकरासाठी?"

मंग एक दिवस दुपारी माणिकबाई आली, आमच्याच गल्लीतली, भाजीवाली. इकडंतिकडं पाह्यलं, अन टोपलीतून, भाजीच्या खालून, नातू काढला. त्याच्या गळ्यात ताइतंच ताइत, दोऱ्यानं गळा सोलून निघाला होता. हळूच म्हनते, "बुवा, मातामाय तुमच्यावर तं रागावलीच हाय ना?" म्या म्हनलं, हो बाई, लय. म्हनते, "मंग हे तोडून टाका ना. पाच वर्साचा होईपर्यंत काढाचे नाई असं बोलली होती मी. तुमाले काय, आखीन एका कोपानं काय फरक पडते." अन त्या दिवसापासून रांगच लागली राजेहो! कोनाच्या लेकराचं जावळ नवसाचं, त्याच्यात उवा झाल्या, आना बुवाकडं. कोनाच्या लेकराले नवसापायी दूध देत नाई, आना बुवाकडं. अकोल्याहून दमनी जुंपून आला एक जन, त्यानं चिलीम सोडाचा नवस केला होता, म्हनते मोडून द्या. म्या म्हनलं मी लेकराइचा वैद्य हाव बाप्पा. तं म्हनते, "मीबी कोनाचा तरी लेकरूच हाव ना."

अन काल… काल माह्या दारात खुशालरावाची दमनी. मनकर्णाबाई. मांडीवर कचरूच्या मागून झालेली बहीन, आता आता बसाले लागली, अन पायात पाहा तं चांदीच चांदी. म्या म्हनलं, माय, पुन्हा? म्हनते, "काय करू बुवा, जन्मली तवा तोंडातून निघूनच गेलं." मंग पोरीचे पाय धरले, माह्याकडं केले, अन म्हनते, "नवस मी बोलली, मोडा तुमी. तुमाले सवय हाय." म्या काय करनार? तेलाची वाटी घेतली. आता तं डोक्यावर येवढे कोप जमले हायेत राजेहो, का पगडीच बसत नाई.