अभिमन्यूला रिव्हर्स गिअर नाही

हरिणी : मग बाळाचं नाव अभिमन्यू. त्यात काय वाईट आहे?

अथर्व : ते गेलं.

हरिणी : गेलं म्हणजे?

अथर्व : आमच्या गेममधला रणगाडा. आत घुसतो झोकात, पण रिव्हर्स गिअरच नाही.

हरिणी : कर्ण?

अथर्व : चिलखती गाडी. ऐन लढाईत चाक रुततं.

वेंकोबा : (बाहेरच्या खोलीतून) श्रवण ठेवा, जावईबापू! आईबापांस सांभाळणारा!

अथर्व : अप्पा, ती ॲम्ब्युलन्स आहे. तिला आपल्याच लोकांची गोळी लागते. चुकून.

वेंकोबा : अय्यो! रोज पेरुंगुडीच्या ऑफिसांत जाऊन हेंच करतां होय? आणि पगार देतात?

अथर्व : पगार देतात, वर कपही दिलाय. ‘सर्वोत्तम नामकरण’.

हरिणी : उद्या सकाळी बारसं आहे अथर्व. अड्यारच्या मावश्या नऊलाच येऊन बसतील. कानात काय सांगू त्याच्या? सगळी नावं तुझ्या बाबांनी ऑफिसला दिली, असं?

अथर्व : एकलव्य होता गं शिल्लक. शुक्रवारी तोही गेला. यंत्रमानव. बंदूक भारी, पण ती धरायला अंगठा नाही.

हरिणी : हसतोस काय?

अथर्व : स्वतःलाच. चाळीस यंत्रांची बारशी केली मी! आणि घरच्या एकासाठी नऊ महिने हातात होते, तर...

वेंकोबा : कुंभकर्ण उरला असेल!

अथर्व : तोफ, अप्पा. सहा मिनिटांत एक गोळा. मग झोप.

हरिणी : अप्पा, तुम्ही कॉफी घ्या बघू. ...ध्रुव?

अथर्व : तो बुरुज. शत्रू मागून येतो, हा तोंड वळवत नाही. जागचा हलतच नाही. लोक पोट धरून हसतात.

हरिणी : आणि त्याची गोष्ट?

अथर्व : कुठली?

हरिणी : तू पुराणं वाचून नावं देतोस ना? त्या पोराला काय हवं होतं?

अथर्व : ...बापाच्या मांडीवर बसायचं होतं.

हरिणी : आपलं बाळ अकरा दिवसांचं झालं.

अथर्व : मान धरत नाही गं तो अजून. माझ्या हातून काही झालं तर?

हरिणी : मी आहे ना इथे. मांडीवरचा लॅपटॉप खाली ठेव आधी.