पुण्याच्या जावयाचा चाकू

तुम्ही म्हणाल थापा मारून राहिलो, पण ते चाकू-कैचीचं दुकान अजून इथं छत्तीसगढात, ब्राह्मणपाऱ्यात आहे, जाऊन विचारा. आमचे पुण्याचे जावई आले होते. त्यांना रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू पाहिजे होता, त्यातच कैची, स्क्रू पिळायचा पेचकस, सगळं. आणि आजच पाहिजे होता, कारण माझी बहीण त्यांना चारचौघांत म्हणाली होती, "तुम्हाला एक वस्तू धड निवडता येत नाही."

आता छत्तीसगढीत 'हव' म्हणजे 'हो'. हे जावयांना कोण सांगणार?

मी त्यांना त्या दुकानात घेऊन गेलो. त्यांनी एक चाकू उघडून पाहिला. "भैया, इसका पाता स्टील का है क्या?"

"हव."

जावयांना वाटलं, हा 'हवं का?' विचारतोय. "अभी नहीं चाहिए. पहले बताओ."

नहीं चाहिए म्हटल्यावर दुकानदारानं तो आत ठेवला आणि दुसरा काढला.

"ये टिकेगा क्या?"

"हव."

"अरे, नहीं चाहिए बोला ना!"

तोही आत गेला. जावई माझ्याकडे वळले. "हा इतका मागे का लागलाय?"

मी म्हटलं, "इकडचे लोक असेच हायेत, भाऊजी."

शेवटच्या चाकूपर्यंत जावई लाल झाले होते. उघडं पातं नाचवत ओरडले, "हर बात में हवं, हवं! जबरदस्ती है क्या?"

दुकानदारानं हळूच त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला, मिटला आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "भैया, इनको घर ले जाओ. आज तो मैं इनको नेलकटर भी नहीं दूंगा."