कौन आई?

भूगोलात शिकवतात की माणसं नदी, सुपीक जमीन आणि हवामान पाहून वस्ती करतात. शिकवोत बापडे. मी दिल्लीच्या द्वारकेत फ्लॅट घेतला तेव्हा द्वारका नवी होती. आमच्या अख्ख्या इमारतीत आम्ही नवरा-बायकोच, बाकी सगळ्या दारांना कुलपं. त्याआधी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी नुसता शिंकलो तरी शेजारच्या मराठी घरातून काढा यायचा.

एका दुपारी वीज गेली आणि आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली. मिट्ट काळोख. हिनं माझा दंड घट्ट धरला. हाक ऐकायला इमारतीत कोणीच नाही, हे आठवलं. तरी ओरडलो, "आई! आई गं!"

खालून चौकीदाराचा आवाज आला, "कौन आई?"

"आई! आई!"

"अच्छा, मेमसाहब से मिलने कोई आई होगी. गेट पर देखता हूँ, साहब!"

आणि त्याची पावलं दूर जाऊ लागली.

"आई गं! आई!"

"अहो," ही कापऱ्या आवाजात म्हणाली, "हिंदीत घाबरा ना!"

मग मी "बचाओ!" म्हणून किंचाळलो. चौकीदार धावत आला, किल्लीनं दार उघडून त्यानं आम्हाला ओढून बाहेर काढलं आणि वर मलाच म्हणाला, "साहब, गेट पर तो कोई नहीं आई."

माणसं आपल्या माणसांपाशीच दाटीवाटीनं का राहतात, याचं एक कारण भूगोलात राहून गेलंय. घाबरताना भाषांतर करावं लागू नये म्हणून.