ठिगळ्याचं खानदान

नाही, ताई, त्या खुर्चीवर नका बसू, तिथे टाचण्या आहेत — ह्या स्टुलावर बसा. गठ्ठा सरकवा बिनधास्त, पडद्याचं कापड आहे, चुरगळत नाही. हां. तर कुत्रा न्यायला आलात. माझ्या मुलीने मोबाइलवर जाहिरात टाकली ती वाचून. फोटोही तिनेच टाकलाय, त्यात तो जरा राजबिंडा दिसतो — खिडकीतला उजेड, दुसरं काही नाही. प्रत्यक्षात हा असा. पुढून एक, मागून दुसरा. मी उभा जन्म शिंपीकाम केलं, पण असा माल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला असता तर दुकानाला कुलूप लागलं असतं — धड एका ताग्यातलं, पाय भलत्याच, आणि कान तर सरळ सरळ उरल्यासुरल्या तुकड्यांतले, दोन्ही एका मापाचेही नाहीत. म्हणून नाव ठिगळ्या. हाक मारा, येणार नाही. ऐकू येतं त्याला, पण आधी विचार करतो.

घराला बाग आहे म्हणालात? मग जरा कठीण आहे. हे पाय बघा — आखूड. हे डॅशहुंडाचे. ते कुत्रे कशासाठी पैदा केले माहितीये? बिळात शिरून आतलं जनावर बाहेर ओढायला. पाय आखूड, अंग लांब, आणि खणायची हौस रक्तातच. तुमच्या बागेत बीळ नसलं तर तो करून देईल. आमच्या मागच्या दारी गुलाब होता, एका दुपारी बघतो तर मुळं वर आणि फुलं खाली — लावल्यासारखा व्यवस्थित. काय? खणू दे? बाग तशीही उजाडच आहे? बरं. बरं, मग बाग सोडा.

पण डोकं बघितलंत का? रुंद. आणि शेपूट मुळाशी जाड. हे लॅब्रॅडॉरकडून आलंय. त्यांचे वाडवडील थंड समुद्रावर कोळ्यांबरोबर असायचे — जाळ्यातून सुटलेला मासा धरायचा, जाळ्याची दोरी तोंडात घेऊन पोहायचं. म्हणजे दिसेल ते तोंडात धरायचं आणि भिजवून मालकाला आणून द्यायचं, हा धर्मच झाला. एका वकिलाची पँट, भारी कापड, घरच्या लग्नासाठी शिवायला टाकलेली — एक पाय बादलीत बुचकळून आणला ह्याने मला, शेपूट हलवत. वकील दारात उभा. मी म्हटलं, साहेब, हे कापड आधी भिजवावंच लागतं, मागाहून आटायला नको. पटलं त्याला. दुसरा पायही भिजवून घ्या म्हणाला.

मला कुठलं हे सगळं माहीत? आमची ही, म्हणजे माझी बायको, वाचायची. मी मशीनवर, आणि ती तुम्ही बसलात त्याच स्टुलावर काजं करत, मांडीवर वाचनालयातलं कुत्र्यांचं जाडजूड पुस्तक. मध्येच म्हणायची, अहो, ह्याच्या कानांचा पत्ता लागला. रोज एक पूर्वज हुडकायची. माझा पणजोबा कोण, हे तिने जन्मात विचारलं नाही, ह्याच्या मात्र सात पिढ्या पाठ. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून हा तिनेच आणला. मी म्हटलं होतं, आणायचाच तर अस्सल आण. तर म्हणते कशी, तुम्ही तरी कुठे अस्सल आहात — नाक वडिलांचं, राग आईचा, आणि अक्कल कुणाची ते अजून सापडायचंय. मुलगी दिवसभर हसत होती. ह्यालाही कळलं असावं, तेव्हापासून मी हाक मारली की आधी विचार करतो.

असो. भुंकण्याचं बोलायचं राहिलं. त्यात बीगल आहे, ताई, तो मी लपवणार नाही. सशाचा माग नाकाने काढायचा आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याला कळावं म्हणून ओरडत सुटायचं, हे त्यांचं काम. ससा असो नसो. हा रात्र रात्र ओरडतो, तुमचे शेजारी — काय? कोण म्हणालं, भुंकत नाही? गोदामवाले? ते मिशीवाले, परवा आलेले — ते तुमचे दीर? अरे देवा. म्हणजे, छान माणूस आहे. हां, त्यांना सांगितलं असेन मी तसं. त्यांना राखणीला हवा होता ना. ज्याला राखणीला हवा त्याला मुकाच सांगावा लागतो. न भुंकणारे कुत्रे असतात, आफ्रिकेच्या जंगलातले, हिनेच वाचलं होतं — ह्याच्या शेपटीचं टोक जरा वळतं, तेवढ्यावरून ओढून आणला एक. ते नवीन जोडपं आलं, त्यांना शांत कुत्रा हवा होता, त्यांना बीगल सांगितला. एकांच्या घरात रांगतं मूल होतं, त्यांना म्हटलं टाचा चावतो. खोटं एकही नाही हं. खानदानच एवढं मोठं आहे की ज्याला त्याला पुरेल असा एकेक नालायक पूर्वज निघतोच.

हसा तुम्ही. मुलगी नाही हसत. ती म्हणते, बाबा, ठिगळ्याला चांगलं घर मिळालं की तुम्ही इकडे यायचं. तिच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. मशीन चालेल का विचारलं, तर म्हणाली, खालच्यांना आवाज होईल. गुणी आहे हो पोर, काळजीपोटी म्हणते. माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय, जावईबापूंनी स्वतः खिडकीचे पडदे लावले — आखूड आहेत, पण लावले. मी तिला नाही म्हणतच नाही. मी म्हणतो, येतो की, पण घर नीट पारखून द्यायला नको का? आणि घर काही पसंत पडत नाही. कोणाचं ना कोणाचं काहीतरी निघतंच. तुमचंच अजून सापडत नाहीये मला.

टाचांचं मात्र खरं आहे. मेंढ्या हाकणारा कुत्रा आहे त्याच्यात — हिचा सगळ्यांत आवडता पूर्वज तोच. मेंढरू इकडे तिकडे गेलं की टाचेला हलके दात लावायचे आणि कळपात आणायचं, आणि कळप एके जागी झाल्याशिवाय बूड टेकायचं नाही. संध्याकाळी मी इथे मशीनवर, ही स्वयंपाकघरात, तर ह्याच्या नुसत्या फेऱ्या. शेवटी तिची बाही धरून तिला इथे आणायचा, स्टुलावर बसवायचा, आणि मग चारी पाय ताणून असा पसरायचा की माणसाने ओलांडून जावं. फेऱ्या अजून मारतो. आत जातो, बघतो, परत येतो. दारात बसतो — बसतो म्हणजे पुढचे पाय टेकतो, मागचे उभेच. झोपही तशीच, टांगलेल्या कोटासारखी. दोन तर मेंढरं होती त्याच्याकडे, ताई. त्यातलं एक त्याच्या नाकासमोरून गेलं. आता दुसरं मी मुलीकडे पाठवू आणि ह्याला तुमच्या बागेत — काय तोंड दाखवील तो खानदानाला?

तर नाही देत मी. उगाच तुमची खेप झाली. मुलीला सांगतो मी, आजच सांगतो, सरळ — पूर्वज मध्ये न आणता. तुम्ही नवा पट्टा आणलाय तो दुकानदार परत घेईल, शिवण कच्ची आहे म्हणा, आहेच कच्ची. दिरांना नमस्कार सांगा. भुंकतो म्हणावं, चांगला खणखणीत. या आता, मला ते पडदे —

थांबा. उठू नका.

खाली बघा. हळू. तुमच्या पावलांवर — केव्हा येऊन पडला हा? मागचे पायही टाकलेत. चारी. बघा, घोरतोय.

नाही, तसं काही नाही, तुम्ही कोण आणि ती कोण एवढं कळतं त्याला, तेवढी अक्कल आहे, माझ्यावर नाही गेला. स्टुलावर कोणीतरी आहे, मशीनवर कोणीतरी आहे. एवढ्यावर भागवलं असेल त्याने.

घाई आहे का तुम्हाला? तुमच्या जाकिटाची ही बाही खांद्याशी झोळ मारतेय, मघापासून माझ्या डोळ्यांत खुपतेय. द्या इकडे. मशीन नको, उठेल तो. हातानेच घालतो टाके. तो उठला की मग जा खुशाल. तोवर बोलू नका — म्हणजे, तुम्ही कुठे बोलताय, मीच बोलतोय. हा बघा, झालो गप्प.