बॅटरीच गेलीये

दोष बाबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच मेकॅनिकवर, बॅटरीच्या कंपनीवर नाहीतर माझ्या नशिबावर संशय घेत बसायला नको. नशिबाचा काही संबंध नाही. माझ्या सख्ख्या बापाने, सुट्टीच्या दिवशी, शिट्टी वाजवत माझी नोकरी घालवली. आणि वर मलाच विचारतात, तोंड पाडून का बसलायस?

का बसलोय... ऐका.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला. का सोडला ते विचारू नका, तो आमच्या घरातला रोजचा विषय आहे, तुम्ही तरी नवीन काहीतरी विचारा. सोडल्यापासून घरात मी म्हणजे कोपऱ्यातलं जुनं टेबल, येता-जाता प्रत्येकाचा पाय लागतो आणि प्रत्येक जण म्हणतो, हे इथे कशाला ठेवलंय. आणि मग मला काम मिळालं. कुणाच्या ओळखीने नाही, माझं मी मिळवलं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये. दवाखान्या-दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या डब्यात घालायच्या आणि खराब व्हायच्या आत लॅबला पोचवायच्या. अट एकच, स्वतःची मोटारसायकल हवी. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "महिनाभर बघते, मग कायम करते." तुम्हाला सांगतो, दवाखान्यातल्या नर्सबाई मला 'अहो लॅब' म्हणून हाक मारायच्या. अहो! घरात मला कुणी नीट 'अरे'सुद्धा म्हणत नाही, 'ए' म्हणतात.

आता गाडी. गाडीला किक नाही, नुसतं बटण. बॅटरी उतरली की बटण दाबा, हात जोडा, शिव्या घाला... टक्. एवढाच आवाज. तर पहिल्याच आठवड्यात भर चौकात सिग्नलला इंजिन बंद पडलं आणि टक्. मागे बस, बसवाला हॉर्नवर हात ठेवून विसरलेला, आणि मी गाडी कडेला ढकलून, डबा छातीशी धरून लॅबपर्यंत पळालो. नळ्या वाचल्या. माझी फुप्फुसं कुठेतरी रस्त्यातच राहिली.

संध्याकाळी घरात बैठक. गाडी बाबांच्या नावावर, म्हणून गाडीच्या बाबतीत मी सोडून सगळ्यांनी बोलायचं. एकीकडे बाबा, दुसरीकडे मोठे काका आणि मधे मेकॅनिक. हा मेकॅनिक बाबांचा शाळेतला दोस्त, त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो गाडी उघडत नाही, नाडी बघतो. नाडी म्हणजे हॉर्न. हॉर्न दाबतो, डोळे मिटतो, मान तिरपी करतो... "हं. बॅटरीच गेलीये."

मी म्हटलं, अहो, चार्जिंग होतंय का ते तरी मोजा. तर काका उसळले, "तू शिकवू नकोस. उभा जन्म वीज खात्यात काढलाय मी." काढलाय, खोटं नाही. बिलांच्या पाकिटांवर पत्ते चिकटवण्यात काढलाय. घरातला दिवा गेला की काकू स्टुलावर चढते आणि हे खालून म्हणतात, जपून गं, करंट असतो त्यात. आणि बाबा? बाबांनी त्यांचं ठेवणीतलं वाक्य काढलं. "तुला सर्किट कळत असतं तर पास झाला नसतास का?"

संपलं. नवी बॅटरी आली.

आता बघा, शाळेतल्या पोरालाही कळेल असं सांगतो. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. इंजिन म्हणजे खालचा पंप. गाडी चालते तेव्हा पंपाने टाकी भरत राहायची. आमचा पंप वर पाणीच चढवत नव्हता, आणि ही तीन शहाणी माणसं टाकी बदलत होती. नवी टाकी, भरलेली, चार दिवस पाणी देणारच की. ते चार दिवस बाबा माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. पाचव्या दिवशी, टक्.

या वेळी नळ्या वाचल्या नाहीत. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या ओरडणाऱ्यांतल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मला दुसरा मुलगा बघावा लागेल." घरी येऊन हे सांगितलं. डॉक्टरांना बोलावलं. हॉर्न, डोळे, मान. "ही बॅटरीपण गेलीये." काका म्हणाले, हल्ली मालच तसा येतो. तेवढ्यापुरती तीच दुकानातून चार्ज करून आणली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. पाने-पक्कड सगळं बाबांच्या कपाटात कुलपात, कारण मी लहानपणी एकदा मिक्सर उघडला होता आणि तो परत मिटला नाही. आईने किल्ली आणून दिली. म्हणाली, "आटप लवकर, दोघं फिरायला गेलेत." कॉलेजची माझी एकमेव कमाई म्हणजे व्होल्ट मोजायचा एक मीटर, तो काढला. बॅटरीला लावला, बारा. गाडी चालू केली, बारा. ॲक्सिलरेटर पिळला, चौदापर्यंत चढायला पाहिजे की नाही? बारा. काकांसारखा, एकदा बसला की उठायचं नाव नाही. मग मागे मागे जात राहिलो. इंजिनातली कॉइल, ठीक. वायरी, ठीक. मग ती रेग्युलेटरची डबी, इंजिनचा करंट बॅटरीला झेपेल असा करून देते ती. डबी ठीक. पण डबीची अर्थची वायर, करंटची परतीची वाट, सांगाड्याला एका बोल्टने कसलेली असते, त्या बोल्टपाशी लोखंडाला लोखंड भिडायला हवं. बोल्ट काढला. आणि खाली काय? काळा, चकचकीत, गुळगुळीत रंग.

गेटचा रंग, हो. आमच्या गेटला दिला तोच.

तुम्हाला बाबांचा आजार माहीत नाही. त्यांना उरलेला रंग बघवत नाही. गेट रंगवून उरला म्हणून खिडक्यांचे गज, त्यातून उरला म्हणून स्टूल, मग जिना, मग काकांची काठी. आमचं घर लांबून बघितलं तर आग लागून गेल्यासारखं दिसतं. आणि मला काम मिळालं म्हटल्यावर यांनी मी झोपेत असताना गाडी सोडवली, सांगाडा घासला, रंगवला आणि पुन्हा जोडली. "पोरगा कामाला लागलाय, गाडी कशी चकाचक पाहिजे." चकाचकच होती. रंगातून करंट जात नाही एवढंच.

पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली, लोखंड चमकेपर्यंत. बोल्ट आवळला, गाडी चालू केली, मीटर बघितला. चौदा. मी तिथेच जमिनीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी पूर्ण बरोबर आलं होतं, आणि बघायला फक्त आई.

मी म्हटलं, येऊ दे त्यांना, आज तिघांच्या तोंडासमोर मीटर धरतो. तर आई म्हणाली, "नको रे. हौसेने रंगवलीये त्यांनी. सकाळभर फरशीवर आडवे पडले होते, उठताना कंबर धरून उठले. झालं ना नीट? मग राहू दे." आईपुढे काय करणार? गिळलं.

आठवडा उत्तम गेला. मॅडमनी कायमच्या कामाचं बोलणंही काढलं. आणि मग एका दवाखान्यात नर्सबाईंनी एक इवलीशी नळी हातात दिली. "अहो लॅब, नुकतं जन्मलेलं बाळ आहे, शीर सापडत नव्हती, फार टोचावं लागलं. जपून न्या." मी जपूनच निघालो. पुलावर, जिथे ना सावली, ना रिक्षा, ना दुकान... टक्.

लॅबला पोचलो तेव्हा डब्यात बर्फाचं पाणी झालेलं. बाळाला लॅबमध्ये आणावं लागलं. पुन्हा टोचताना ते रडलं तेव्हा मी दाराशीच उभा होतो. त्याची आई माझ्याकडे बघत होती. मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "तू कामाचा मुलगा आहेस. पण मला गाडी चालू लागते." आणि डबा तिथेच ठेवून जायला सांगितलं.

घरी गाडी ढकलत आणली. डॉक्टर आधीच हजर. हॉर्न दाबला, आवाजच नाही, तरी मान तिरपी केली. "बॅटरीच..."

मी पाना मागितला नाही, घेतला. तिघांच्या समोर तो बोल्ट उघडला. खाली काळा, चकचकीत, गुळगुळीत रंग. आणि बाबा कौतुकाने म्हणतात, "अरे, तिथला रंग खरवडला होता कुणीतरी. लोखंड उघडं पडलेलं, गंजलं असतं. बोल्ट सोडवून मी दोन हात मारले परत."

मग मी बोललो. टाकी, पंप, अर्थ, रंग, बाळ, मॅडम, सगळं. मीटर नाकासमोर धरून बोललो. डॉक्टरांना एकदम दुसरा पेशंट आठवला. काका म्हणाले, "मी तेच म्हणत होतो, वीज खेळती राहिली पाहिजे." बाबांनी वाकून त्या रंगावर नख घासून बघितलं. मग हळूच म्हणाले, "मग मला सांगायचं नाही का?"

मी आईकडे बघितलं. आई आत निघून गेली.

जागा पुन्हा घासली मी, बॅटरी चार्ज करून बसवली. आता बटणाला बोट लागलं की गाडी चालू होते, मीटर चौदा दाखवतो, बॅटरी ठणठणीत आहे. लॅबने दुसरा मुलगा घेतला. माझी नोकरी गेली.